गार खायचा पिझ्झा आणि कांपालची बाग

बागेत नेलेला पिझ्झा गरम राहत नाही. एवढं एक वाक्य मान्य करायला मला तीन हिवाळे लागले.

पहिल्या हिवाळ्यात मी दुकानातून मागवला आणि पत्ता सांगितला, "कांपालची बाग". आता पणजीत कांपालला बाग एक आहे का? मुलांचं भगवान महावीर उद्यान आहे, फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांच्या नावाची बाग आहे आणि कला अकादमीच्या शेजारी नदीच्या कडेला आर्ट पार्क आहे. पिझ्झा घेऊन आलेला पोरगा एका बागेत, आम्ही दुसऱ्या, आणि मधे वीस मिनिटं "दादा, तुम्ही नेमके कुठे?" चूक माझीच. दुसऱ्या हिवाळ्यात शहाणपण करून स्वतः आणायला गेलो, स्कूटरवर. बायको मागे, दोन खोकी तिच्या मांडीवर. एका वळणावर गाय आडवी आली, मी ब्रेक दाबला, खोकी क्षणभर उभी झाली. तेवढं पुरलं. उघडून पाहिलं तर एका कडेला चीझचा बांध आणि उरलेलं शेत कोरडं. तिसऱ्या खेपेला घरी भाजला आणि गरम राहावा म्हणून चपात्यांच्या कॅसरोलमध्ये भरून झाकण घट्ट लावलं. अर्ध्या तासाने उघडला तेव्हा झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं. आईने एक तुकडा उचलला, तो मधोमध वाकून लोंबायला लागला. ती म्हणाली, "हें निवलां, आनी भिजलांय!"

त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. पिझ्झा गरम ठेवायच्या खटपटीतच तो भिजतो. मग निवलेलाच चांगला लागेल असा का करू नये? आमच्याकडे सकाळची आंबोळी संध्याकाळी गार खातातच की.

निवल्यावर बिघडतो तो नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा. तो लाकडाच्या भट्टीत, साडेचारशे अंशांच्या आसपास, मिनिट-दीड मिनिटात भाजतात. कडा फुगलेल्या, मधला भाग मऊ आणि ओलसर. तो करण्याची कला युनेस्कोने २०१७ मध्ये आपल्या यादीत घेतली, आणि ते योग्यच आहे, पण तो भट्टीपासून दहा पावलांवर खायचा पदार्थ आहे. रोममध्ये दुसरी तऱ्हा आहे. तिथे मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये जाडसर पिझ्झा भाजतात, कात्रीने कापून वजनावर विकतात आणि लोक कागदात गुंडाळून चालता चालता खातात. त्यातलाच एक तर नुसत्या टोमॅटोचा, चीझ औषधालाही नसतं. बागेत न्यायचा तो हा रोमचा, ट्रेतला.

आता कृती. आम्ही पाच माणसं: मी, बायको, आई, मोठी मुलगी आणि धाकटा. दोन ट्रे लागतात. एका ट्रेचं माप सांगतो, तुम्ही दुप्पट करा.

मैदा ३०० ग्रॅम, पाणी २०० मिलिलिटर, इन्स्टंट यीस्ट अर्धा चमचा, मीठ एक चमचा, तेल दोन मोठे चमचे. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर हे सगळं एका भांड्यात चमच्याने ढवळायचं. मळायचं नाही. गोळा होणार नाही, पीठ चिकट राहील, आणि इथेच माणसं घाबरून वरून मैदा घालतात. घालू नका. गार झाल्यावर कडक होणारा पिझ्झा हा कमी पाण्याचा पिझ्झा असतो. वीस मिनिटांनी हात ओला करून पिठाची एक कड उचलायची, ओढायची, मधे दुमडायची. भांडं फिरवत चारी बाजूंनी तसं. आणखी वीस मिनिटांनी पुन्हा एकदा. दुसऱ्या खेपेला तुम्हालाच कळेल, मघाशी चिखल होता तो आता एका अंगाने उचलला जातो. झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि झोपा.

रविवारी दुपारी एकच्या सुमारास बाहेर काढायचं. पुस्तकांत दोन-तीन तास लिहितात, ती पुस्तकं थंड देशातल्या माणसांनी लिहिलेली. पणजीत तास-सव्वा तास पुष्कळ झाला, मे महिन्यात तर पाऊण तासात पीठ भांड्याबाहेर डोकावतं. ट्रेला सढळ हाताने तेल लावायचं, पीठ त्यात ओतायचं आणि बोटांची टोकं तेलात बुडवून खळगे पाडत पाडत कडेपर्यंत न्यायचं. माझा ट्रे ३० बाय २५ सेंटिमीटरचा आहे. पीठ मागे सरकत असेल तर ओढाताण करू नका, दहा मिनिटं सोडा, मग आपणहून जातं. तोवर धाकट्याला हात धुवायला लावा, कारण खळगे पाडायला तो येणारच.

टोमॅटोचं काम सकाळीच उरकून घ्यायचं. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, चार लसूण पाकळ्या, तेल, मीठ, साखर चिमूटभर. शिजवत राहायचं. चमचा तळातून ओढला की मागे वाट उरली पाहिजे, आणि ती वाट दोन क्षण तशीच राहिली पाहिजे. लगेच भरून आली तर अजून पाणी आहे. हे पाणी जर कढईत गेलं नाही तर ते बागेत तुमच्या तुकड्याच्या बुडाशी सापडेल. ओरेगानो शेवटी. मी मात्र चिली फ्लेक्सची पुडी वापरत नाही. आई पेडण्याची, तिच्या माहेरून हरमलची सुकी मिरची येते. ती तव्यावर जेमतेम शेकून हाताने चुरडली की असा वास सुटतो की पुडीतलं भुसकट नाकाला लावायची इच्छा होत नाही.

ओव्हन २५० अंशांवर वीस मिनिटं आधी तापवायचा. घरच्या ओटीजीची धाव तेवढीच. पीठावर सॉस पातळ पसरून ट्रे सगळ्यात खालच्या कप्प्यात, चीझ न घालता, बारा मिनिटं. मग बाहेर काढून चीझ आणि वरचं जे काय असेल ते घालून आणखी सहा-सात मिनिटं. असं दोन टप्प्यांत का, तर चीझ पहिल्यापासून घातलं तर ते करपेपर्यंत बूड कच्चं राहतं, आणि कच्चं बूड गार झालं की खळीसारखं लागतं.

चीझ दीडशे ग्रॅमच्या वर नको. मुलं भांडतील. भांडू देत. वितळलेलं चीझ म्हणजे काय, गरम असेपर्यंत लांब तार, निवलं की रबर. थर जितका जाड तितकं रबर जास्त. मोझरेला शंभर ग्रॅम घ्या आणि पन्नास ग्रॅम पनीर किसून मिसळा. पनीर गरम असताना वितळत नाही आणि गार झाल्यावर आखडतही नाही, त्यामुळे घास मऊ राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी तिन्ही हिवाळे केलं नाही. ओव्हनमधून काढल्यावर पिझ्झा ट्रेमध्ये ठेवायचा नाही. लगेच सरकवून तारेच्या जाळीवर घ्यायचा, खालून वारा लागला पाहिजे. जाळी नसेल तर गॅसच्या शेगडीवरची लोखंडी जाळी स्वच्छ धुऊन घ्या, आम्ही वर्षभर तीच वापरली. निदान वीस मिनिटं. कान जवळ नेलात तर कवच तडतडताना ऐकू येतं. हात खाली धरला की वाफ लागते. ती लागायची थांबली की मगच कापायचा. कात्रीने. सुरी वरचं सगळं ओढत नेते, कात्री नेत नाही. एका ट्रेचे बारा तुकडे.

ओव्हन नाही? मग तुमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, आहे. गोव्यात राहून पिझ्झ्यासाठी बेस विकत आणणाऱ्या माणसांविषयी माझं मत इथे लिहीत नाही. दुपारी सायकलचा भोंगा वाजला की सहा पोया घ्यायच्या. पोय आतून पोकळ, बाहेरून कोंडा लावलेली. एके काळी पोदेर माडाच्या सुरेने पीठ आंबवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्टच. पोय कडेने फाडून दोन चकत्या करायच्या आणि आतली खरबरीत बाजू कोरड्या तव्यावर उपडी घालून, वरून हाताने दाबत, तांबूस होईपर्यंत शेकायची. ही पायरी गाळू नका. शेकलेली बाजू सॉस वरच धरून ठेवते, न शेकलेली बाजू तो पिऊन टाकते. मग सॉस, थोडं चीझ, झाकण घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं. खरं सांगायचं तर आईला ट्रेतल्या पिझ्झ्यापेक्षा हाच आवडतो. "पोयेचो वास येता" म्हणते. आणि उंडो, म्हणजे गोल पाव, घेऊ नका, तो मधे फार मऊ असतो.

वर काय घालायचं यावर आमच्या घरात पक्ष पडलेत. मुलीला चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, हवा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा टांगलेल्या असतात, तिथून आणतो. चोरीस कधीही कच्चा वर ठेवू नका. साल काढून, कांदा घालून, त्याच्याच चरबीत पंधरा मिनिटं शिजवायचा आणि सुटलेलं लाल तेल निथळून बाजूला काढायचं. ते तेल टाकू नका, सोमवारचा भात त्यात परता. न निथळता घातलात तर पिझ्झा गार झाल्यावर वर मेणासारखा लाल थर धरतो आणि धाकट्याचा पांढरा शर्ट कायमचा जातो. विनेगर, मीठ आणि मिरची यांनी चोरीस मुळातच खमंग असतो, म्हणून एका ट्रेला दोन-तीन मणी पुरतात. जास्त घातला तर टोमॅटो कुठे गेला ते कळत नाही.

आईसाठी शिवराक, म्हणजे शाकाहारी, ट्रे. कांदा, ढोबळी मिरची आणि रेशादच्या मसाल्यात घोळवलेलं पनीर. रेशाद हा बांगड्यात भरायचा मसाला, पण त्याला बांगडाच पाहिजे असा काही कायदा नाही. मसाला आंबट असतो, तेव्हा या ट्रेला सॉस निम्माच. शिवराक ट्रेची कात्री वेगळी. ती विसरलात तर ट्रे शिवराक राहत नाही, आणि ते तुम्हाला सांगण्यात येईल. ढोबळी मिरची आणि मशरूम आधी तव्यावर पाणी आटेपर्यंत परतून घ्या. मशरूम म्हणजे बाजारातले पांढरे बटन. पावसाळ्यातली अळमी, म्हणजे रानातली मशरूम, पिझ्झ्यावर घालायचा विचारही करू नका. ती मिळतात तीच नशिबाने, आणि त्यांची जागा तोणाकात, म्हणजे रश्शात, आहे.

आता न्यायचं कसं. बांबूची पसरट टोपली, तळाला सुती पंचा, त्यावर तुकड्यांचा एक थर, मग बटर पेपर, मग दुसरा थर. दोनच थर. वरून पुन्हा पंचा, आणि तोही सैल. स्टीलचा डबा असेल तर झाकण बोटभर उघडं राहू दे. अॅल्युमिनियम फॉइलने बांधून घेणं म्हणजे माझ्या कॅसरोलचीच धाकटी आवृत्ती. कापड ओलावा शोषतं, बांबूतून वारा खेळतो. टोपली स्कूटरच्या पायाशी आडवी मावते, पिझ्झ्याचं खोकं मावत नाही, हा आणखी एक फायदा.

तरीही दुकानातूनच न्यायचा असेल तर न्या, सगळ्याच रविवारी माणसाला उत्साह नसतो. पातळ बेसचा सांगा, न कापता द्यायला सांगा, खोकं हातात आलं की लगेच उघडून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या. गाडीत सीटवर नको, सीट मागे उतरती असते. खाली पायाशी ठेवा. आणि बागेत मागवू नका.

वेळेचं गणित असं. ट्रे सव्वातीनला बाहेर, चारला टोपलीत, सव्वाचारला घरातून, पाचला तोंडात. शिजवलेलं अन्न, त्यातही मांस-चीझ असलेलं, दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही चोरीस घरीच ठेवतो आणि नुसत्या टोमॅटो-लसणाचा, बिनचीझचा ट्रे करतो. लसणाच्या चकत्या, मिरचीचा चुरा, वरून तेल. तो निवल्यावरही तसाच चांगला.

बाग कोणती? लोक झाडं बघतात, नदी बघतात. मी बाक बघतो. आई चौऱ्याहत्तरची, गुडघे कुरकुरतात, चटईवर बसली तर उठवायला दोघं लागतात. तेव्हा पाठ टेकायला जागा असलेला बाक, त्याच्यासमोर चटई, म्हणजे ती वर आणि आम्ही पायाशी, दरबार भरतो. दुसरी गोष्ट, मुलांचे झोपाळे नजरेच्या टप्प्यात हवेत. तिसरी, स्वच्छतागृह किती लांब. नदीचा देखावा चौथा. पण आर्ट पार्कच्या कडेला संध्याकाळी समोर मांडवी, पलीकडे रेईश मागूशचा किल्ला उन्हात तांबूस झालेला, हे दिसतं तेव्हा माझा हा क्रम थोडा डळमळतो. तिथे वारा फार असतो, कागदी प्लेटा उडतात. प्लेटा नेऊच नका, तुकडा हातात धरून खायचा म्हणून तर एवढं केलं.

चर्चसमोरची म्युनिसिपल गार्डन, म्हणजे गार्सिया द ओर्ता उद्यान, छोट्या बेतासाठी बरी. या वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला होता, तेव्हा बाग त्याच्या नावाने असणं मला आवडतं. बाक भरपूर, पण पसरायला जागा कमी, दोघं-तिघं असाल तर जा. आल्तिनोचं जॉगर्स पार्क उंचावर आहे, वारा छान, पण आमच्या टोपलीकडे आणि पोटांकडे बघून धावणारी माणसं ज्या नजरेने जातात ती मला सोसत नाही. मडगावकरांना म्युनिसिपालिटीच्या शेजारची बाग आहेच.

तारखा बघून जा. नोव्हेंबरच्या अखेरीस इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो, २००४ पासून तो आपल्याकडेच. त्या दिवसांत कांपालला गाडी लावायला जागा शोधता शोधता पिझ्झाच काय, माणूसही निवतो. डिसेंबरच्या मध्याला सेरेंडिपिटी कलामहोत्सवाच्या कार्यक्रमांनी तो भाग भरलेला असतो. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त, म्हणजे सण, तेव्हा म्युनिसिपल गार्डनच्या आसपास बसायचा विचार सोडा आणि खाजें ही फेस्तातली मिठाई घेऊन घरी या. उरलेला नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे पाचला खायला बसलं तर उजेडात आवरता येतं. अंधार पडला की डास, मग सगळी मजा पाय खाजवण्यात जाते. जूनपासून टोपली माळ्यावर.

बायकोची ड्यूटी हॉस्पिटलात, रोस्टर दर आठवड्याला बदलतं, त्यामुळे आमच्या घरी पंचांगाआधी रोस्टर बघतात. तिला रविवारी नाईट असली तर उत्तमच, दुपारभर झोपून ताजी असते आणि सातला बागेतूनच ड्यूटीला जाते.

बसण्याआधी दोन गोष्टी. एक, मान वर करून झाड बघा. पानं शिवून केलेला हिरवा गोळा फांदीवर दिसला तर ते तांबड्या मुंग्यांचं घर, आमच्याकडे हुमले म्हणतात. त्याखाली चटई टाकलीत तर पाचव्या मिनिटाला सगळं कुटुंब नाचायला लागेल. आम्ही नाचलो आहोत, आईसुद्धा, गुडघ्यांसकट. दोन, चटईखाली प्लास्टिकचा कागद घाला, हिवाळ्यात गवत वरून कोरडं दिसलं तरी बूड ओलं करतं.

टोपली उघडायची ती सगळे बसल्यावर आणि एका हाताने झाकत. कावळे लांब बसून नेमकं बघत असतात कुणाचं लक्ष नाही ते. एकदा मुलगी मोबाईलवर फोटो काढत होती, फोटोत पिझ्झा आहे आणि कोपऱ्यात काळा पंख आहे. पुढच्या फोटोत पिझ्झा नाही. कुत्र्यांना काही टाकू नका, कितीही केविलवाणा चेहरा केला तरी. एकाला दिलंत की पाच येतात, आणि शेजारच्या चटईवरच्या लहान मुलाला त्याचा त्रास होतो. चोरीसमधलं मीठ-मिरची त्यांच्याही पोटाला बरी नाही.

प्यायला कोकमाचं सरबत, घरून बाटलीत, बर्फ वेगळ्या थर्मासात. कोला मुलं मागतात, मी देत नाही. चीझवर आंबट बरं पडतं, गोड फसफस नाही. सोलकढी एकदा नेली होती, झाकण सैल होतं, पुढचं विचारू नका. मित्रमंडळींपैकी कुणीतरी मार्च-एप्रिलमध्ये हमखास डोळा मारून उर्राकची बाटली काढतो. काढू नका म्हणावं. पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं आणि जेवण रांधणं या दोन्हींवर दंड आहे; २०१९ मध्ये तो एकट्याला २ हजार, घोळक्याला १० हजार रुपये होता, २०२५ मध्ये वाढवला. तेव्हा तो छोटा गॅस घेऊन "तिथेच गरम करू" म्हणणाऱ्या मेव्हण्यालाही हेच सांगा. मी सांगितलं. त्याचा माझ्यावर अजून राग आहे.

पाण्याची पाच लिटरची कॅन, साबणाची छोटी बाटली, एक ओला आणि एक कोरडा पंचा, कचऱ्याला दोन पिशव्या. बागेतल्या डब्यात तेलकट पुठ्ठे कोंबू नका. पणजीत कचरा घरोघरी वेगळा करून नेतात, आणि तेल लागलेला पुठ्ठा सुक्यात घातला तर बाकीचा चांगला कागदही वाया जातो. टोपली नेलीत तर पुठ्ठ्याचा प्रश्नच येत नाही, फक्त बटर पेपर.

वाटप मी धाकट्याकडे दिलंय. पहिला तुकडा आजीला, शेवटचा त्याला, हा त्याचाच नियम. मधले कुणाचे किती यावर तो कडक हिशेब ठेवतो आणि माझ्या वाट्याला नेहमी कोपरे येतात. कोपरे दोन बाजूंनी कुरकुरीत असतात हे त्याला अजून कळलेलं नाही, आणि मी सांगणार नाही.

थोडे तुकडे निघण्याआधीच घरी फ्रिजमध्ये ठेवायचे, बागेतून परत आलेले नाही. सकाळी लोखंडी तवा मंद आचेवर, तुकडा त्यावर, तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब आणि वर झाकण, दोन मिनिटं. बूड पुन्हा कुरकुरीत, चीझ पुन्हा मऊ. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामडं होतं. सोमवार आईचा शिवराक, तेव्हा चोरीसचे उरलेले तुकडे तिच्या समोर तापवायचे नाहीत; ती सकाळी सातला तुळशीपाशी गेली की मी खिडकी उघडून घाईघाईने तवा चढवतो. वास तिला तिथपर्यंत जातोच.